चिखलात रुतलेली जीप आणि विजेचा रहाट

भर पावसाळ्यात काळ्या मातीच्या रानातून बैलगाडी काढणे किती जिकिरीचे असते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. चिखल चाकाला धरतो, धाव दिसेनाशी होते आणि गाडी आसापर्यंत खाली बसते. मग शेजारची आणखी एक बैलजोडी आणावी लागते. जीपची गत वेगळी नसते. तिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळत असला तरी तो जोर जमिनीला लावायचे काम चाक आणि माती यांच्यातील घर्षणच करते. ओल्या चिकणमातीत हे घर्षण फार थोडे असते. चालकाने इंजिन जितके रेटावे, तितके चाक जागच्या जागी फिरते आणि स्वतःसाठी खड्डा खणत जाते.

अशा वेळी घर्षणाचा नाद सोडून जवळच्या झाडाला दोर बांधायचा आणि गाडीने स्वतःलाच त्या दोराने ओढून घ्यायचे, ही युक्ती उपयोगी पडते. त्यासाठी गाडीच्या पुढच्या बंपरवर जे यंत्र बसवतात त्याला विंच म्हणतात. लष्कराच्या व वनखात्याच्या गाड्यांवर विंच दिसतो. २०१४ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया’ या पावसाळी मोटार-स्पर्धेत तर विंचवाचून पुढे सरकणेच कठीण असते.

विंच कोणता घ्यावा आणि त्याची जोडणी कशी करावी, हा प्रश्न वरवर पाहता मेकॅनिकचा वाटतो. पण त्याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. साधी यंत्रे, घर्षण, ओहमचा नियम आणि विजेपासून होणारी उष्णता, एवढ्या भांडवलावर आपण ते शोधून काढू या.

ओढ किती हवी?

आपण एक जीप घेऊ. माणसे, इंधन व सामान धरून तिचे वजन २००० किलोग्रॅम आहे. येथे रिकाम्या गाडीचे वजन धरून चालत नाही, कारण रुतते ती भरलेली गाडी. सोयीसाठी आपण ओढ किलोग्रॅम-भारात मोजू. १ किलोग्रॅम-भार म्हणजे ९.८ न्यूटन.

सपाट डांबरी रस्त्यावर गाडी ढकलायला फार बल लागत नाही. विंच वापरणारे लोक त्यासाठी वजनाचा पंचविसावा भाग धरतात. म्हणजे आपल्या जीपला ८० किलोग्रॅम-भार पुरेल. गवताळ जमिनीवर सातवा भाग, खडीवर पाचवा भाग, उथळ चिखलात तिसरा भाग आणि दलदलीत निम्मा भाग, असे त्यांचे ठोकताळे आहेत. चाकाच्या उंचीइतकी गाडी चिखलात गेली असेल तर ओढ गाडीच्या पूर्ण वजनाइतकी धरावी, असा अमेरिकी सैन्याचा आडाखा आहे. हे आकडे अंदाजाचे आहेत. पण त्यांवरून एक गोष्ट कळते : चिखल खोल होत जातो तशी लागणारी ओढ झपाट्याने वाढते.

यात चढाची भर पडते. चढावर वजनाचा एक घटक गाडीला मागे खेचतो. १५ अंशांच्या चढावर हा घटक वजनाच्या ०.२६ पट असतो, कारण साइन १५° = ०.२६. आता समजा, आपली जीप अशाच चढावर दलदलीत अडकली आहे.

दलदलीचा विरोध : २००० × १/२ = १००० किलोग्रॅम-भार
चढाचा विरोध : २००० × ०.२६ = ५२० किलोग्रॅम-भार
एकूण : १५२० किलोग्रॅम-भार

म्हणजे दीड हजारांचा विंच पुरेल का? नाही. चिखलातून चाक सुटताना प्रथम जो हिसका द्यावा लागतो तो याहून जास्त असतो. शिवाय विंचची जी ओढ कागदावर छापलेली असते ती दरवेळी मिळत नाही. ती का मिळत नाही हे आपण लवकरच पाहू. म्हणून भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट ओढ असलेला विंच घ्यावा, असा नियम रूढ आहे. आपल्या जीपसाठी ही ओढ ३००० किलोग्रॅम-भार होते. बाजारात विंचची ओढ बहुधा पौंडांत सांगतात. ८००० पौंडांचा विंच म्हणजे सुमारे ३६३० किलोग्रॅमचा. आपण तो निवडू.

रहाट आणि दंतचक्रे

जुन्या विहिरींवरचा हाताने फिरवायचा रहाट आठवा. कण्याला दोर गुंडाळला जातो. कण्याची त्रिज्या लहान आणि दांड्याची लांबी मोठी असते, म्हणून थोड्या बलाने पाण्याची जड घागर वर येते. विंच हा असाच एक रहाट आहे. कण्याच्या जागी पोलादी ड्रम असतो आणि हाताच्या जागी विजेची मोटर. त्या दोघांच्या मध्ये दंतचक्रांची माळ असते.

आपल्या विंचच्या ड्रमचा व्यास ६.४ सेंटिमीटर आणि दोराचा व्यास ८ मिलिमीटर आहे असे समजू. पहिल्या थरातील दोराचा मध्य ड्रमच्या केंद्रापासून ३.२ + ०.४ = ३.६ सेंटिमीटर अंतरावर येतो. ३६३० किलोग्रॅम-भाराची ओढ द्यायची तर ड्रमला ३६३० × ०.०३६ म्हणजे सुमारे १३० किलोग्रॅम-भार-मीटर इतका पीळ द्यावा लागेल. एवढा पीळ लहानशी मोटर कोठून देणार? पण दंतचक्रांमुळे मोटरचे सुमारे २०० फेरे होतात तेव्हा ड्रमचा एक फेरा होतो. घर्षण सोडून दिले तर मोटरला ०.६५ किलोग्रॅम-भार-मीटर एवढाच पीळ पुरतो. २० सेंटिमीटर लांबीच्या दांड्यावर सव्वातीन किलोग्रॅमचा भार दिला की इतका पीळ मिळतो. हे तर तुम्हीही हाताने करू शकाल. मात्र ड्रमच्या एका फेऱ्यासाठी तुम्हाला दांडा २०० वेळा फिरवावा लागेल!

साध्या यंत्रांचा नियम तो हाच. यंत्र बल वाढवून देते, पण कार्य फुकट देत नाही. बल जितक्या पटीने वाढते तितक्या पटीने अंतर कमी होते, आणि घर्षणापोटी काही वाटा वर द्यावाच लागतो.

छापील आकडा केव्हा खरा?

आता मघाचा प्रश्न. दोर ड्रमवर थरावर थर असा गुंडाळला जातो. ड्रमची रुंदी २३ सेंटिमीटर असेल तर एका थरात सुमारे २८ वेढे बसतात. प्रत्येक थरागणिक त्रिज्या ०.८ सेंटिमीटरने वाढते. पीळ तोच राहतो. म्हणून ओढ घटते. गणित करून पाहा :

पहिला थर : त्रिज्या ३.६ सेंमी, ओढ ३६३० किलोग्रॅम-भार, दोर ६.३ मीटर
दुसरा थर : त्रिज्या ४.४ सेंमी, ओढ २९७० किलोग्रॅम-भार, दोर ७.७ मीटर
तिसरा थर : त्रिज्या ५.२ सेंमी, ओढ २५१० किलोग्रॅम-भार, दोर ९.१ मीटर
चौथा थर : त्रिज्या ६.० सेंमी, ओढ २१८० किलोग्रॅम-भार, दोर सुमारे ७ मीटर

एकूण दोर ३० मीटर आहे. झाड जर पाचच मीटरांवर असेल तर जवळजवळ सगळा दोर ड्रमवरच राहील आणि ३६३० चा विंच प्रत्यक्षात २१८० चाच ठरेल. छापील आकडा हा नेहमी पहिल्या थराचा असतो. म्हणून दूरचे झाड निवडणे हिताचे. मात्र सगळा दोर सोडूनही चालत नाही. दोराचे टोक ड्रमला अडकवलेले असते ते जागेवर ठेवण्यापुरते. खरी पकड वेढ्यांच्या घर्षणाची असते. म्हणून पोलादी दोराचे निदान पाच वेढे ड्रमवर ठेवावेत.

कप्पीची करामत

तरीही ओढ अपुरी पडली तर? मग कप्पी वापरायची. पूर्वी मोटेने पाणी काढत तेव्हा विहिरीवर चाक असे. त्या चाकाने ओढीची दिशा बदले, ओढ वाढत नसे. विंचच्या दोराचेही असेच आहे. मदतीला आलेल्या दुसऱ्या गाडीचा विंच बाजूला उभा राहून, झाडाला बांधलेल्या कप्पीवरून आपली जीप ओढत असेल तर फक्त दिशा बदलते. पण आपल्याच जीपच्या विंचचा दोर झाडाजवळच्या कप्पीवरून परत आणून जीपच्याच आकड्याला अडकवला, तर जीपला दोराचे दोन पदर ओढतात. ओढ दुप्पट होते आणि वेग निम्मा. कप्पीच्या घर्षणात थोडी ओढ खर्च होते, म्हणून ती नेमकी दुप्पट न होता काहीशी कमी भरते.

येथे दुसरा फायदा आपोआप होतो. झाडापर्यंत जाऊन परत यायला दुप्पट दोर लागतो. म्हणजे ड्रमवर थर कमी राहतात आणि ओढ आणखी वाढते. पण एक जोखीमही लक्षात ठेवा. झाडावर आणि कप्पीच्या शॅकलवर आता दोन्ही पदरांचा भार पडतो. ३००० किलोग्रॅम-भार सहन करणारे शॅकल येथे ६००० खाली मोडेल. साखळीतली सर्वांत कच्ची कडी ठरवते तेवढीच साखळी बळकट असते.

बारा व्होल्ट आणि चारशे अँपिअर

आतापर्यंतचा हिशेब बलाचा झाला. आता ऊर्जेचा करू. समजा, विंच १५०० किलोग्रॅम-भाराने ओढत आहे आणि गाडी मिनिटाला ३ मीटर सरकते आहे.

शक्ती = १५०० × ९.८ × ३ ÷ ६० = ७३५ वॅट

ही झाली सुमारे एक अश्वशक्ती. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ती मिळवायला ७३५ ÷ १२, म्हणजे सुमारे ६१ अँपिअर धारा पुरायला हवी. प्रत्यक्षात अशा भाराखाली विंच २०० अँपिअरच्या घरात धारा घेतो. बाकीची ऊर्जा कोठे जाते? ती मोटरच्या वेटोळ्यांत आणि दंतचक्रांच्या घर्षणात उष्णता होऊन जाते. म्हणूनच मिनिटभर ओढल्यावर मोटरला विसावा द्यावा लागतो. पूर्ण भाराखाली धारा ४०० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक होते.

४०० अँपिअर म्हणजे किती? घरातली १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअर घेते. आपला विंच अशा नव्वदांवर इस्त्र्यांइतकी धारा घेतो! व्होल्ट थोडे असले की तेवढ्याच शक्तीसाठी अँपिअर फार लागतात. त्यामुळे विंचच्या जोडणीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट तार ही ठरते.

बॅटरीपासून विंचपर्यंत २ मीटर आणि परत २ मीटर, अशी एकूण ४ मीटर तांब्याची तार आहे. तांब्याचा विशिष्ट रोध ०.०१७२ आहे, म्हणजे १ मीटर लांब व १ चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तारेचा रोध ०.०१७२ ओहम असतो.

कोणी ६ चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर
रोध = ०.०१७२ × ४ ÷ ६ = ०.०११५ ओहम
४०० अँपिअरला तारेत खर्च होणारे व्होल्ट = ४.६
तारेत निर्माण होणारी उष्णता = ४०० × ४०० × ०.०११५ = १८४० वॅट

बारापैकी साडेचार व्होल्ट वाटेतच गेले आणि तारेची शेगडी झाली! तिचे आवरण काही क्षणांत वितळेल. आता ३५ चौरस मिलिमीटरची केबल घेऊ. तिचा रोध ०.००२ ओहमहून किंचित कमी भरतो. व्होल्ट खर्च होतात ०.८ आणि उष्णता सुमारे ३१५ वॅट. अल्पकाळच्या कामाला हे चालते. बॅटरी दूर असेल तर ५० चौरस मिलिमीटरची किंवा त्याहून जाड केबल घ्यावी. धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते, हा ज्यूलचा नियम येथे कधीही विसरू नये.

केबल जाड असली तरी सांधा कच्चा असून चालत नाही. टोकाचा लग ढिला असेल किंवा त्यावर गंज चढला असेल, तर तेथे ०.००५ ओहम रोध सहज येतो. ४०० अँपिअरला त्या एका सांध्यावर २ व्होल्ट खर्च होतात आणि ८०० वॅट उष्णता बोटभर जागेत साठते. म्हणून लग दाबयंत्राने पक्के बसवावेत, नट घट्ट आवळावेत. परतीची तारही चेसिसच्या रंगलेल्या, गंजलेल्या पत्र्याला न जोडता थेट बॅटरीच्या ऋण टोकाला न्यावी.

जोडणीचा क्रम

४०० अँपिअर हाताच्या बटणातून नेता येत नाहीत. म्हणून हातातल्या बटणातून थोडीशी धारा एका विद्युत्‌चुंबकाला देतात आणि तो चुंबक मोठे जाड संपर्क जोडतो. याला सोलेनॉइड म्हणतात. तुमच्या शाळेच्या विजेच्या घंटेतही असाच चुंबक काम करतो.

दोर सोडण्यासाठी मोटर उलटी फिरवावी लागते. जड कामाच्या बऱ्याच विंचांत एकसर जोडणीची मोटर असते. म्हणजे क्षेत्र निर्माण करणारी स्थिर वेटोळी आणि फिरणारे आर्मेचर यांतून एकच धारा एकापाठोपाठ जाते. बॅटरीची टोके उलटी केली तर ही मोटर उलटी फिरेल का? विचार करा. धारा दोन्हींत उलटते, म्हणून फिरण्याची दिशा तीच राहते. दिशा बदलायची तर दोहोंपैकी एकातलीच धारा उलटावी लागते. सोलेनॉइड ते काम करतात. म्हणूनच अशा मोटरला दोनाहून अधिक टोके असतात आणि तारा विंचबरोबर आलेल्या आकृतीप्रमाणेच जोडाव्या लागतात.

बॅटरीपासून निघणाऱ्या धन तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, मोठा खटका बसवावा आणि तो काम नसताना बंद ठेवावा. ही केबल बंपरकडे जाताना पत्र्याच्या धारेवर घासली आणि तिचे आवरण फाटले, तर बॅटरीची हजारावर अँपिअर धारा थेट चेसिसमध्ये उतरू शकते. आग लागायला तेवढे पुरे. म्हणून पत्र्याच्या भोकात रबरी कडे घालावे आणि केबल गरम भागांपासून दूर न्यावी. फ्यूज किंवा सर्किट ब्रेकर कोणता हवा, ते विंचच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवावे. काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक सर्वांत आधी सोडावे आणि सर्वांत शेवटी जोडावे. ते सुटलेले असेल तर पाना चुकून धन टोक आणि चेसिस यांना एकदम टेकला तरी मंडल पुरे होत नाही.

राहिली बॅटरी. २०० अँपिअरने चार मिनिटे ओढले तर सुमारे १३ अँपिअर-तास खर्च होतात. ६० अँपिअरचा ऑल्टरनेटर तेवढ्या वेळात फार तर ४ अँपिअर-तास परत देतो. म्हणून ओढताना इंजिन चालू ठेवायचे आणि मधून मधून थांबायचे. नाही तर गाडी चिखलातून निघेल, पण पुढे इंजिन सुरूच होणार नाही!

ताणलेला दोर

३००० किलोग्रॅम-भाराखाली ताणलेला पोलादी दोर समजा १५ सेंटिमीटर वाढला. त्यात साठलेली ऊर्जा ½ × ३००० × ०.१५ = २२५ किलोग्रॅम-भार-मीटर होते. ४५ किलोग्रॅम वजनाचा मुलगा ५ मीटर उंचीवरून पडावा, इतकी ही ऊर्जा आहे. दोर तुटला की ती क्षणात मोकळी होते आणि दोर चाबकासारखा उलटतो. अशा दोरामुळे माणसे जन्माची जायबंदी झाली आहेत, प्राणांनाही मुकली आहेत. म्हणून ताणलेल्या दोराच्या रेषेत किंवा जवळ उभे राहू नये, तो ओलांडू नये. दोरावर जाड घोंगडी किंवा ओले पोते टाकावे, म्हणजे तुटल्यास त्याचा वेग मोडतो. पोलादी दोराच्या तुटक्या तारा हात फाडतात, यासाठी चामडी हातमोजे घालावेत. कृत्रिम धाग्यांचे दोर हलके असल्याने तुटल्यावर कमी इजा करतात, पण त्यांना ऊन आणि धारदार दगड सोसत नाहीत.

झाडाचाही विचार करा. पोलादी दोर थेट खोडाला गुंडाळला तर तो साल कापतो. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. साल सभोवार कापली गेली तर झाड हळूहळू वाळते. म्हणून खोडाभोवती रुंद पट्टा बांधावा, आणि तोही शक्य तितका खाली. आणि एवढे सगळे करण्याआधी फावड्याने चाकांपुढचा चिखल काढावा. चार फावडी चिखल उपसला की विंचवरचा शेकडो किलोंचा भार हलका होतो.

करून पाहा

१. एका विटेला दोरी बांधून ताणकाट्याने ती संथपणे ओढा. फरशी, वाळू आणि चिखल यांवर लागणारे बल नोंदवा. प्रत्येकाला विटेच्या वजनाने भागा. मग फळी तिरपी करून तिच्यावर वीट ओढा.

२. टॉर्चचा एक सेल आणि छोटा दिवा आखूड जाड तारेने जोडा. मग तोच दिवा पुष्कळ लांब व बारीक तारेने जोडा. प्रकाशात काय फरक पडतो? (मोटारीच्या बॅटरीवर हा प्रयोग कधीही करू नका.)

सोडवा

१. १६०० किलोग्रॅमची भरलेली जीप ३० अंशांच्या चढावर उथळ चिखलात अडकली आहे. किती ओढ लागेल?

२. २५ चौरस मिलिमीटरच्या ५ मीटर केबलमधून ३०० अँपिअर धारा जाते. किती व्होल्ट व किती वॅट खर्च होतील?

३. आपल्या विंचवर दोराचे दोन थर असताना कप्पीने दुहेरी पदर केला. घर्षण सोडल्यास जीपला किती ओढ मिळेल? झाडाजवळच्या शॅकलवर किती भार येईल?

उत्तरे : (१) सुमारे १३३३ किलोग्रॅम-भार. (२) सुमारे १ व्होल्ट, ३१० वॅट. (३) दोन्ही ५९४० किलोग्रॅम-भार.